पडद्यावरील अपघात आणि जाणकारांची नजर

विमान-अपघाताचा चित्रपट पाहताना विमानवेडे प्रेक्षक आधी चुका मोजतात. या खोडीची थट्टा होते. आम्हांस तीत इतिहासाची चाड दिसते. ‘एअरपोर्ट’ने (१९७०) बॉम्ब व हिमवादळ पडद्यावर रूढ केले. प्रत्यक्षातील कारणे पुष्कळदा याहून लहान असतात. १ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ मुंबईहून दुबईस निघाले आणि वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जीव गेले. कप्तानासमोरील, विमानाचा कल दाखविणारे उपकरण बिघडले होते. समुद्रावर अंधार असल्याने क्षितिज दिसेना. विमान उजवीकडे झुकले आहे असे समजून कप्तानाने ते डावीकडे कलविले.

‘सली’त (२०१६) तपास-अधिकारी वैमानिकाचे वैरी रंगविले गेले, तेव्हा प्रत्यक्ष तपासातील मंडळींनी आक्षेप घेतला. तो रास्तच होता. कारण तपासावरील विश्वास ढळला, तर पुढील अपघात टाळणार कसा?

१८ मार्च २०२३ रोजी गोंदियाजवळील बिरसीहून उडालेले प्रशिक्षण-विमान आमच्या बालाघाटच्या डोंगरांत कोसळले; दोघे दगावले. त्यांच्यावर उद्या कोणी चित्रपट काढलाच, तर त्यातील चुका मोजणारे प्रेक्षक आम्हांस हवे आहेत.