बंगळुरूची दहा किलोमीटर शर्यत : उत्पन्नाचे पूरक मार्ग

बंगळुरू येथील ‘वर्ल्ड १० के’ ही शर्यत २००८ मध्ये सुरू झाली. मुंबई मॅरेथॉन भरवणारी प्रोकॅम इंटरनॅशनल ही कंपनी तिची आयोजक आहे. प्रारंभी सनफिस्ट आणि त्यानंतर टीसीएस यांचे नाव शर्यतीशी जोडले गेले.

अशा शर्यतींचा मुख्य आधार प्रायोजक असतात; प्रायोजकाने माघार घेतल्यास जमाखर्चाचा मेळ बिघडतो. प्रवेशशुल्काखेरीज छायाचित्रे, पदकावर नाव कोरणे, प्रशिक्षण तसेच बाहेरगावच्या धावपटूंसाठी निवासासह एकत्रित शुल्क, हे उत्पन्नाचे पूरक मार्ग ठरू शकतात. ‘चॅरिटी बिब’साठी धावपटू जादा रक्कम मोजतात, त्यातून स्वयंसेवी संस्थांना निधी मिळतो.

मात्र पाणी, वैद्यकीय मदत आणि वेळेची नोंद या सुविधा मूळ शुल्कातच असणे आवश्यक आहे. अन्यथा सामान्य धावपटू शर्यतीपासून दुरावण्याची शक्यता असते.