घोडा गेला कुठे?

रेंजवर नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्याभरात एक प्रश्न हमखास विचारतो. "हॅमरवालं पिस्तूल चांगलं की स्ट्रायकरवालं?" मी आजवर बहुतेक वेळा "दोन्ही चांगली, आधी ग्रिप नीट धर" असं सांगून वेळ मारून नेली. आज जरा सविस्तर लिहितो. कारण हा प्रश्न फक्त आम्हा शौकिनांच्या आवडीनिवडीचा नाही. पोलीस खात्याची खरेदी, प्रशिक्षणावरचा खर्च आणि नाहक गेलेले जीव, इथपर्यंत तो जातो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी शब्दांचं बघू. आपल्याकडे ट्रिगरला चाप म्हणतात आणि हॅमरला घोडा. मुंबईच्या बोलीत तर अख्ख्या पिस्तुलालाच 'घोडा' म्हणायची पद्धत. दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल आठवा. मागचा घोडा उठतो, खाली आपटतो, टिकली फुटते. खऱ्या हॅमर पिस्तुलात घोडा फायरिंग पिनवर आपटतो आणि पिन काडतुसाच्या बुडाशी असलेल्या कॅपवर. बाकी तत्त्व तेच.

स्ट्रायकर पिस्तुलात घोडा नाहीच. स्लाइडच्या आत स्प्रिंगच्या ताणाखाली एक दणकट पिन अडकवून ठेवलेली असते. चाप ओढला की अडसर सुटतो आणि पिन थेट कॅपवर जाऊन आदळते. भाग कमी, झिजायच्या जागा कमी, प्रत्येक गोळीला चाप सारखाच लागतो. पण एक गोष्ट जाते. घोडा बाहेर असतो, तो उठलेला आहे की बसलेला हे हात लावायच्या आधी डोळ्यांना कळतं. स्ट्रायकरमध्ये सगळा कारभार झाकलेला. (काही हॅमर पिस्तुलांतही घोडा आत लपवलेला असतो, तो अपवाद सोडा.)

पुष्कळांना वाटतं, स्ट्रायकर म्हणजे नवं तंत्रज्ञान. अजिबात नाही. जर्मन सैन्याने १९०८ मध्ये घेतलेलं प्रसिद्ध लुगर पिस्तूल स्ट्रायकरवरच चालायचं. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने बेल्जियमच्या एफएन कंपनीसाठी केलेलं १९१० चं छोटं पिस्तूलही तसंच. २८ जून १९१४ ला सारायेव्होत गाव्ह्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेलं पिस्तूल हेच. म्हणजे पहिल्या महायुद्धाची ठिणगी स्ट्रायकरची.

गंमत बघा, त्याच ब्राउनिंगचं दुसरं पिस्तूल अमेरिकन सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलं, ते मात्र घोड्याचं. आजही शौकीन ज्याला नुसतं 'नाइन्टीन इलेव्हन' म्हणतात ते. त्याला अंगठ्याचं सेफ्टी बटण, शिवाय मुठीत नीट धरल्याशिवाय न सुटणारी वेगळी ग्रिप सेफ्टी. सैन्याने ते तब्बल ७४ वर्षं वापरलं. १९८५ मध्ये त्याच्या जागी बेरेटा एम९ आलं, तेही घोड्याचंच. पण त्याची तऱ्हा वेगळी. पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड, साधारण पाच किलोचा जोर लावावा लागतो. तोच चाप घोडा उचलतो आणि सोडतोही. पुढच्या गोळ्यांना घोडा आधीच उठलेला, त्यामुळे चाप हलका. ही जर्मन वाल्थर कंपनीने १९२९ च्या पीपी आणि १९३८ च्या पी३८ पिस्तुलांतून रुजवलेली पद्धत. नेमबाजाला पहिल्या आणि दुसऱ्या गोळीतला फरक खटकतो. पण घाबरलेल्या माणसाचं बोट चुकून चापावर गेलं, तर ते लांब जड ओढणं त्याला क्षणभर विचार करायला लावतं.

आता असंही समजू नका की घोडा म्हणजे सुरक्षित. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्यावर आघात झाला की पिन सरळ कॅपवर. म्हणून जाणती माणसं सहा घरांत पाचच गोळ्या भरत आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. १९४४ मध्ये अमेरिकन नौदलाच्या जहाजावर स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्व्हर डेकवर पडलं, गोळी सुटली आणि एक नौसैनिक गेला. त्यानंतर कंपनीने घोडा अडवून धरणारा नवा सेफ्टीचा भाग बसवला. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेता गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, असं त्यांनी सांगितलं. तर 'पडलं आणि सुटलं' ही कहाणी फार जुनी आहे. ती पुढे पुन्हा येणार आहे.

आता १९८० च्या सुमाराचं ऑस्ट्रिया. तिथल्या सैन्याला जुन्या पी३८ च्या जागी नवं पिस्तूल हवं होतं. गास्टोन ग्लॉक नावाचे गृहस्थ तोवर पडद्याचे रॉड आणि सैन्यासाठी सुऱ्या बनवत होते. पिस्तूल त्यांनी कधी बनवलेलं नव्हतं. त्यांनी जाणकारांना विचारून कोऱ्या पाटीवर आराखडा केला. सांगाडा पॉलिमरचा, मॅगझिनमध्ये १७ गोळ्या, आणि आत स्ट्रायकर. १९८२ मध्ये ऑस्ट्रियन सैन्याने ते घेतलं. पॉलिमर काही ग्लॉकने पहिल्यांदा आणलं नाही, जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीचं व्हीपी७० त्याआधी १९७० मध्येच पॉलिमर आणि स्ट्रायकर दोन्ही घेऊन आलं होतं. पण त्याचा चाप इतका जड की ते फारसं चाललं नाही. ग्लॉकचा चाप साधारण अडीच किलोचा, पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत एकसारखा.

आणि बाहेर सेफ्टीचं बटणच नाही. सेफ्टी आत तीन: चापावरची छोटी पट्टी, पिन अडवणारा खटका आणि पडल्यावर पिन सुटू न देणारी रचना. शिवाय विश्रांतीत स्ट्रायकर अर्धवटच ताणलेला असतो, उरलेला ताण चाप ओढल्यावरच भरतो. यंत्र म्हणून हे खरंच हुशारीचं काम आहे. चाप ओढल्याशिवाय ते सुटत नाही. अडचण दुसऱ्या बाजूला आहे. चाप ओढला की ते सुटतंच. मग ओढणारं बोट असो, होल्स्टरमध्ये अडकलेली शर्टाची कड असो.

अमेरिकेत तेव्हा बहुतेक पोलिसांच्या कमरेला सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर होतं. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयच्या आठ जणांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. जखमी हाताने रिव्हॉल्व्हर पुन्हा भरता येत नाही, हा धडा देशभर पोचला. दरोडेखोराच्या हातात रायफल होती आणि बहुतेक नुकसान तिने केलं, हा तपशील मागे पडला. खात्यांनी जास्त गोळ्यांची पिस्तुलं घ्यायला सुरुवात केली आणि त्या लाटेवर ग्लॉक स्वार झालं. 'प्लास्टिकची बंदूक विमानतळावर दिसणारच नाही' अशी ओरडही झाली, पण स्लाइड आणि नळी पोलादाची असल्याने ती भीती खोटी होती. खरा धोका त्या गोंगाटात कुणी विचारलाच नाही.

वॉशिंग्टन शहराच्या पोलिसांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ग्लॉक घेतलं. दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, वॉशिंग्टन पोस्टने पोलिसांच्या गोळीबारांवर लेखमाला छापली. तिच्यात निघालं की त्या दहा वर्षांत ग्लॉकमधून चुकून गोळी सुटण्याच्या १२० पेक्षा जास्त घटना घडल्या होत्या. पोलिसांनी स्वतःला, सहकाऱ्यांना, सामान्य नागरिकांना गोळ्या घातल्या होत्या, मनात नसताना. त्याच काळात घाईघाईने मोठी भरती झाली होती आणि प्रशिक्षणाची आबाळ होती. या लेखमालेला १९९९ चं पुलित्झर मिळालं. यंत्र बिघडलेलं नव्हतं. नवं यंत्र दिलं आणि जुन्या सवयींचं काय करायचं हे कुणी पाहिलं नाही. रिव्हॉल्व्हरच्या लांब जड चापावर बोट ठेवून फिरायची सवय तिथे खपून जात होती, इथे नाही.

न्यूयॉर्क पोलिसांनी १९९३ मध्ये अर्धस्वयंचलित पिस्तुलं स्वीकारली तेव्हा वेगळा उपाय केला. स्प्रिंग बदलून चाप सुमारे १२ पौंडांचा, म्हणजे साडेपाच किलोंचा करून घेतला. चुकून सुटू नये म्हणून. पण जड चाप ओढताना नळी हलते, नेम ढळतो. २४ ऑगस्ट २०१२ ला एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर एका खुन्यावर दोन पोलिसांनी १६ गोळ्या झाडल्या. जखमी झालेले नऊही वाटसरू पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाले. सगळा दोष चापाचा म्हणणं चूक आहे, समोरचा माणूस पिस्तूल रोखून होता, वेळ क्षणांची होती. पण जड चापावर तेव्हा प्रश्न उठले ते रास्तच होते.

आणि जड चाप तरी वाचवतो का? नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रुकलिनच्या एका वसाहतीतल्या अंधाऱ्या जिन्यात एक नवखा पोलीस पिस्तूल काढून उभा होता. गोळी सुटली, भिंतीवर आपटून खालच्या मजल्यावरच्या अकाई गर्ली या २८ वर्षांच्या निःशस्त्र तरुणाला लागली. त्यात त्याचा जीव गेला. पिस्तूल स्ट्रायकरचं, चाप न्यूयॉर्कचा जड. बोट चापावर नसतं तर तो तरुण आज जिवंत असता.

आता कहाणीचा शेवटचा टप्पा. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकन सैन्याने बेरेटाच्या जागी सिग कंपनीचं पी३२० निवडलं. स्ट्रायकरचं पिस्तूल, पण सैन्याने हट्टाने अंगठ्याचं सेफ्टी बटण लावून घेतलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिसून आलं की बाजारात विकलं गेलेलं पी३२० विशिष्ट कोनात पडलं तर सुटू शकतं. कंपनीने मोफत दुरुस्ती देऊ केली. १९४४ ची डेक आठवली ना? त्यानंतरही 'चाप न ओढता सुटलं' असे दावे कोर्टात जात राहिले. कंपनी ते ठाम नाकारते, तरी २०२४ मध्ये जॉर्जिया आणि फिलाडेल्फियातल्या ज्युरींनी जखमींच्या बाजूने कौल दिला.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकन हवाई दलाच्या तळावर या पिस्तुलाच्या लष्करी आवृत्तीच्या गोळीने एक जवान मेला. हवाई दलाच्या त्या कमांडने लगेच पिस्तुलाचा वापर थांबवला. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या जवानाला अटक झाली, खोटी माहिती दिल्याच्या आणि सदोष मनुष्यवधाच्या संशयावरून. तपासणीनंतर पिस्तूल पुन्हा वापरात आलं.

मला या घटनेत सगळ्या इतिहासाचं सार दिसतं. यंत्रणा आत झाकलेली असली की अपघातानंतर दोष यंत्राचा की बोटाचा, हे चटकन कळत नाही. बोट असलेला माणूस यंत्राकडे दाखवतो, यंत्र विकणारा बोटाकडे. मधल्यामध्ये मेलेला मेला.

मग उत्तर काय? आमच्या खेळाकडे बघा. २५ मीटर स्पोर्ट पिस्तूलमध्ये चाप किमान एक किलोचा, दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये किमान ५०० ग्रॅमचा चालतो. ग्लॉकच्या निम्म्याहून हलका. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत असल्याच हलक्या चापावर सुवर्ण जिंकलं. तरी रेंज सुरक्षित असते. का? कारण हुकूम मिळाल्याशिवाय गोळी भरायची नाही, बाकी वेळ चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग, तोंड नेहमी टार्गेटकडे, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. हे हजार वेळा केल्यावर अंगात मुरतं. पोलिसाचं काम रेंजसारखं नसतं, मान्य. त्याला भरलेलं हत्यार घेऊन गर्दीत उभं राहावं लागतं. म्हणूनच त्याला सराव आमच्यापेक्षा जास्त हवा, कमी नाही.

आपल्या पोलिसांकडे वर्षानुवर्षं ईशापूरच्या कारखान्यातलं नऊ एमएमचं पिस्तूल आहे. मूळ आराखडा ब्राउनिंगच्या हाय-पॉवरचा, घोड्याचं. एनएसजीसारख्या पथकांकडे ग्लॉक आलं. उद्या सगळीकडे स्ट्रायकर येईल आणि येऊ दे, पिस्तूल उत्तम आहे. पण खरेदीची बातमी आली की आपण किती पिस्तुलं आणि किती कोटी एवढंच वाचतो. एका शिपायाला वर्षाला सरावासाठी किती गोळ्या मिळणार, हा प्रश्न कुणी विचारत नाही. परवाना मागणाऱ्या नागरिकानेही शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घ्यावं, अशी २०१६ च्या शस्त्र नियमांत तरतूद आहे. ती कागदावर राहते की हातात उतरते, हे ज्याचं त्याने स्वतःला विचारावं.

आणि रेंजवरच्या नव्या पोरांना माझं उत्तर. घोड्याचं पिस्तूल होल्स्टरमध्ये घालताना अंगठा घोड्यावर ठेव. चापात काही अडकलं तर घोडा उठायला लागेल आणि अंगठ्याला आधी कळेल. स्ट्रायकरमध्ये हा निरोप देणारं कुणी नाही. तिथे सावकाश घाल, बघून घाल, घाई करून कुणी बक्षीस देत नाही. घोडा दिसेनासा झाला तेव्हा त्याचं राखणीचं काम संपलं नाही. ते तुझ्या बोटाकडे आलं.