चाकावरची सरदारकी

जुनी हबकॅप हाती आली की आम्ही आधी पुसून मधले चिन्ह पाहतो. मुकुट, ढाल आणि ढालीवर चोच-पाय नसलेले चिमुकले पक्षी दिसले, की ती कॅडिलॅकची. १९०२ साली निघालेल्या या अमेरिकन कंपनीने नाव व चिन्ह घेतले, ते १७०१ साली डेट्रॉइट वसवणाऱ्या फ्रेंच कादियाकचे. आम्हांला वाटे, मोठा खानदानी सरदार असणार! पण त्याचे मूळ नाव आंत्वान लोमे, बाप वकील. अमेरिकेत आल्यावर त्याने उपाधी स्वतःच लावून घेतली. ढालीची नक्षीही बरीचशी मुलखातल्या एका खऱ्या सरदाराची उचललेली. (आमच्या इंदुरात घरटी एक सरदार निघतो, म्हणून हे हळूच सांगतो.) मोटार मात्र अस्सल होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस कंपनीने ढालीवरचे पक्षी उडवून लावले. तेव्हा पक्षी दिसले तर हबकॅप जुनी समजावी.