मरणाच्या नोंदीतले शब्द

कुणी अचानक गेलं की आपल्याकडे सहज म्हणतात, ‘हार्ट फेल झालं.’ वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत ‘वृद्धापकाळाने’ असं येतं. घरातल्या वडीलधाऱ्याला माणसं ओळखू येईनाशी झाली, तर ‘म्हातारचळ लागला.’ मी कविता लिहिणारा माणूस. नेमका शब्द सापडेपर्यंत माझी ओळ पुढे सरकत नाही. म्हणून या सैल शब्दांच्या मागे जावंसं वाटलं.

सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची यादी निघे. प्लेगची चाहूल वेळेत लागावी, हा तिचा मुख्य उपयोग. प्रेत पाहून कारण सांगायचं काम वयस्क बायकांकडे असे. यादीत ‘म्हातारपण’, ‘दात’, ‘दुःख’, ‘अचानक’ अशीही कारणं सापडतात. अंगात पाणी साठणं हे आणखी एक. त्यातल्या किती जणांचं हृदय थकलेलं होतं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. जॉन ग्रांट या व्यापाऱ्याने १६६२ मध्ये या याद्यांवर पुस्तक लिहिलं. दारूचा पेला आणि दुप्पट फी मिळाली की या बायका उपदंशाचा मृत्यू क्षयाच्या खात्यात टाकतात, असा त्याचा रोख होता. म्हणजे अब्रूसाठी कारण बदलण्याची रीतही जुनीच.

इंग्लंडमध्ये १८३७ साली नागरी नोंदणी सुरू झाली. तिथल्या विल्यम फार यांनी आग्रह धरला, की विज्ञानात वजन-मापाला जे महत्त्व, तेच इथे रोगाच्या नावाला. १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत जाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांचं वर्गीकरण मांडलं. त्याचीच पुढची रूपं १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना सांभाळते. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली.

या प्रवासात प्रश्नच बदलला. माणूस कशाने गेला, एवढं पुरेसं नाही; मरणाकडे नेणारी साखळी कुठून सुरू झाली, ते लिहायचं. हृदय तर प्रत्येकाचंच थांबतं. ते थांबलं, हे कारण नव्हे. ‘हार्ट फेल्युअर’ हा वेगळा आजार आहे. त्यात हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडते, धाप लागते, पाय सुजतात. माणूस त्यासह वर्षानुवर्षं जगू शकतो. दहाव्या आवृत्तीत त्याचा संकेतांक आय ५०. पण मुळाशी उच्च रक्तदाब होता असं डॉक्टरांनी लिहिलं, तर नोंद आय ११ मध्ये जाते. एका ओळीने रक्तदाब आकडेवारीत येतो; ती ओळ राहिली की तो गायब होतो.

स्मृतिभ्रंशाचंही तसंच. मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्यामुळे बुद्धी क्षीण होते, हे ऑटो बिन्सवँगर यांनी १८९४ मध्ये मांडलं. अलॉइस अल्झायमर यांनीही त्याच दशकात. त्याला आता व्हॅस्क्युलर डिमेन्शिया म्हणतात, संकेतांक एफ ०१. रक्तदाब, मधुमेह, न जाणवलेले लहान लहान झटके, मग विसर, मग गिळता न येणं, शेवटी न्यूमोनिया. दाखल्यावर फक्त न्यूमोनिया आला, तर मागची दहा वर्षं पुसली गेली. आणि जो आजार मोजला जात नाही, त्याच्यासाठी औषधं, खाटा, पैसा कुणी मागत नाही.

आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४, बाहेरच्यासाठी ४-अ. तरीही २०२० च्या अहवालात, नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांना डॉक्टरांनी कारणाचा दाखला दिला होता. बाकीच्यांचं मरण मोजलं गेलं, कारण नाही.

२०२३ च्या दुरुस्तीनुसार या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची आहे. ती मागून घ्या, वाचा. त्याआधी, आजारपणातच, रक्तदाबाचे, साखरेचे, जुन्या झटक्यांचे कागद डॉक्टरांपुढे ठेवा. ‘वय झालं होतं’ एवढंच सांगून थांबू नका. गेलेल्या माणसाची शेवटची नोंद खरी असणं, हा त्याचा हक्क आहे आणि मागे राहणाऱ्यांची गरजही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)