धनुष्कोडी : बोट मेलचे शेवटचे स्टेशन

मद्रासच्या एग्मोर स्टेशनवर एके काळी कोलंबोचे तिकीट मिळायचे. तिकीट एकच, त्यावर आधी रेल्वे, मग आगबोट, मग पलीकडे सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, रेल्वे. गाडीचे नाव बोट मेल. रात्रभर धावून दुसऱ्या दिवशी ती जिथे थांबे, तिथून पुढे रूळ टाकायला जमीनच नव्हती. एकीकडे बंगालचा उपसागर, दुसरीकडे मन्नारचे आखात आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर धनुष्कोडी स्टेशन. समोर, तीसेक किलोमीटरवर, तलाईमन्नार.

मराठी घरांत धनुष्कोडी ठाऊक असते ती काशी-रामेश्वराच्या यात्रेमुळे. गंगेची कावड रामेश्वराला घालायची आणि धनुष्कोडीची सेतूची वाळू प्रयागला नेऊन संगमात सोडायची, तेव्हा कुठे यात्रा पुरी व्हायची. तहानलेल्या गाढवाला कावडीतले पाणी पाजणाऱ्या एकनाथांची गोष्ट याच यात्रेतली. तंजावरच्या भोसल्यांनी तर रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रे, म्हणजे धर्मशाळा, बांधली. ओरतनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांतलेच. मात्र आगगाडी इथवर आली ती काही यात्रेकरूंच्या पुण्याईने नव्हे. ती आली चहापायी.

सिलोनचे मळे तमिळ मजुरांच्या कष्टावर उभे होते. सुरुवातीच्या काळात हे मजूर होडीने मन्नारला उतरत आणि जंगल तुडवत डोंगरातल्या मळ्यांपर्यंत पायी जात. पटकी आणि हिवतापाने कित्येक जण वाटेतच मरत. माणसे झटपट आणि धडधाकट पोचावीत, हा मळेवाल्यांचा हिशेब होता. रेल्वेला हवी होती मद्रास-कोलंबोची टपाल आणि प्रवासी वाहतूक. अडचण होती पांबनच्या सामुद्रधुनीची. तिच्यावर दोन किलोमीटरहून लांब पूल बांधून साउथ इंडियन रेल्वेने २४ फेब्रुवारी १९१४ रोजी तो खुला केला. जहाजांना वाट देण्यासाठी पुलाचा मधला भाग दोन फळ्यांच्या दारासारखा वर उघडे. तो उघडायला मोटर नव्हती. मजूर दांडे रेटून दातेरी चाके फिरवत. पुढे नव्वद वर्षांहून अधिक काळ हे काम असेच अंगमेहनतीने चालले.

पांबनला रूळांना दोन फाटे फुटत. एक रामेश्वरला, दुसरा धनुष्कोडीला. बोट मेल देवळाकडे वळत नसे; ती थेट धक्का गाठायची. ‘आयर्विन’ आणि ‘गोशेन’ या आगबोटी पुढे या मार्गावर नामांकित झाल्या. वस्ती कोळ्यांची, पण स्टेशनाबरोबर कस्टमची कचेरी आली, टपाल-तार ऑफिस आले, दवाखाना आला, रेल्वेच्या नोकरांच्या चाळी उठल्या. साहेब तिकीट दाखवून बोटीत चढे. मजुराला मात्र आधी मंडपमच्या छावणीत मुक्काम करावा लागे. भारताच्या भूमीवरची ही छावणी सिलोन सरकार चालवी. तिथे मजुरांना देवी टोचत, तपासत, आणि मगच पुढे सोडत.

दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरला गाडी थांबेनाशी झाली. मग वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून रामेश्वर ते धनुष्कोडी या टप्प्यात खाली फेकले जात. ते गोळा करणाऱ्याला मदतीला आपल्या नात्यातलाच एक शाळकरी पोरगा मिळाला. त्या पोराचे नाव अब्दुल कलाम. आयुष्यातली पहिली कमाई त्यांनी या गठ्ठ्यांवर केली.

२२ डिसेंबर १९६४च्या रात्री ६५३ क्रमांकाची पॅसेंजर पांबनहून निघाली. चक्रीवादळ घोंगावत होते. धनुष्कोडी जवळ आली तरी सिग्नल मिळेना. ड्रायव्हरने बराच वेळ शिटी वाजवली आणि शेवटी धीर करून गाडी पुढे काढली, असे सांगतात. समुद्राची लाट डब्यांवर आली. गाडीत शंभराहून जास्त माणसे होती. एकही वाचला नाही. स्टेशन, धक्का, वस्ती सगळेच गेले. सरकारने गाव राहण्यास अयोग्य ठरवले.

पांबन पुलाचे शंभरावर गर्डरही वाहून गेले होते. दुरुस्तीला सहा महिने धरले होते. ३२ वर्षांच्या ई. श्रीधरन यांनी ती ४६ दिवसांत उरकली. बुडालेले गर्डर कुठे पडलेत हे कोळ्यांनी दाखवले, ते बाहेर काढून पुन्हा बसवले गेले. पुढे कोकण रेल्वे बांधणारे श्रीधरन ते हेच. पूल असा सावरला, पण धनुष्कोडीचे रूळ पुन्हा कोणी टाकले नाहीत. २०१७ पासून टोकापर्यंत डांबरी सडक आहे. पर्यटक येतात, पडक्या चर्चपाशी आणि स्टेशनच्या भिंतींपाशी फोटो काढतात, वादळाची गोष्ट ऐकतात. मळ्यांची गोष्ट त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

वादळाच्या जेमतेम आठ आठवडे आधी, ३० ऑक्टोबर १९६४ला, लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांनी करार केला होता. मळ्यांवरच्या तमिळांपैकी सव्वापाच लाख लोकांना भारताने परत घ्यायचे ठरले. पिढ्यान्‌पिढ्या माणसे ज्या वाटेने गेली, तीच परतीची वाट झाली, पण एव्हाना धनुष्कोडी वाळूत गेली होती. फेरीबोट आता रामेश्वरला लागू लागली. परतलेल्यांचा पहिला निवारा पुन्हा मंडपमची छावणीच. त्यांतल्या अनेकांना काम देण्यासाठी तमिळनाडू सरकारने निलगिरीत मळे उभे केले, तेही चहाचे. १९८०च्या दशकात श्रीलंकेतला संघर्ष पेटला आणि फेरी थांबली. भारतीय पासपोर्ट घेऊन बसलेली कितीतरी कुटुंबे मळ्यांवरच अडकली. त्यांच्यासाठी नागरिकत्वाचा कायदा श्रीलंकेने २००३ साली केला.