तज्ज्ञ प्रणाली म्हणजे काय? आणि व्यवसायात आणताना घोडं कुठे अडतं?

रावेर-यावल भागात केळीच्या पानांवर पिवळट पट्टे दिसले की जुना जाणकार सांगतो, हा 'हरण्या' आहे. म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. यावर औषध नाही. रोगट झाड उपटून नष्ट करायचं आणि विषाणू पसरवणाऱ्या माव्याचा बंदोबस्त करायचा. पण पानं अन्नद्रव्यांच्या कमतरतेनंही पिवळी पडतात. ओळख चुकली तर चांगली झाडं जातात, नाहीतर रोग शेजारच्या बागेत पोहोचतो.

ही जाणकारी 'असं दिसलं तर तसं करा' अशा नियमांत मांडून संगणकाला दिली की तज्ज्ञ प्रणाली, म्हणजेच एक्स्पर्ट सिस्टीम तयार होते. एका बाजूला नियमांचा साठा, दुसऱ्या बाजूला ते नियम लावून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम. 'हे कशावरून?' असं विचारलं तर ती लावलेला नियमच दाखवते. चॅटबॉटकडून अशी खात्री मिळत नाही.

उद्योगातलं गाजलेलं उदाहरण अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं. ऑर्डरप्रमाणे व्हॅक्स संगणकाचे भाग जुळवायला 1980 पासून तिथे 'एक्सकॉन' वापरात आली. सुरुवातीला काहीशे असलेले नियम पुढे हजारोंवर गेले आणि ते सतत दुरुस्त करायला माणसं ठेवावी लागली. हा खर्च बहुतेकांच्या हिशेबात नसतो. स्टॅनफर्डच्या 'मायसिन'चा जंतुसंसर्गावरचा सल्ला चाचणीत तज्ज्ञांच्या तोडीचा ठरला, तरी ती रोजच्या रुग्णसेवेत कधीच आली नाही.

खरी अडचण माणसांपाशी आहे. जळगावची डाळ मिल घ्या किंवा धुळे जिल्ह्यातला दोंडाईच्याचा मिरची बाजार. मिरची हातात घेऊन ओल सांगणाऱ्याला 'कसं ओळखलं?' विचारा, 'कळतं' एवढंच उत्तर येईल. म्हणून नियम विचारू नयेत, ढीग समोर ठेवावेत: हा दुसऱ्या प्रतीत का टाकला, तो का नाही? शिवाय, सगळं सांगून टाकलं तर उद्या आपली गरज काय, ही त्याची भीती रास्तच आहे. त्याचं काम आणि मोबदला आधी ठरवलेला बरा.

सुरुवात एकाच छोट्या निर्णयापासून करावी. एक हंगाम प्रणाली आणि जाणकार दोघांचं मत शेजारी शेजारी नोंदवावं. नियम कोण बदलणार आणि चुकीच्या सल्ल्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरवावं. हरण्यासारख्या प्रकरणात खात्री नसेल, तर प्रणालीनं झाड उपटायला सांगण्याऐवजी 'नमुना तपासणीला पाठवा' एवढंच सांगावं.