संग्रहातील नमुना की जिवंत कलावंत?

ब्लूजचा इतिहास हा बव्हंशी ध्वनिमुद्रिकांच्या आधारे लिहिला गेलेला इतिहास आहे. ज्याचे गाणे तबकडीवर उतरले तो इतिहासात आला. ज्याचे उतरले नाही तो आपल्या गावाच्या स्मरणातच राहिला. म्हणून कोणाचे गाणे कोणी आणि कशासाठी मुद्रित केले, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही विचारण्याजोगा आहे. उत्तर मिसिसिपीतील डोंगराळ भागाच्या ब्लूजचे उदाहरण या दृष्टीने आम्हांला उद्बोधक वाटते.

ब्लूज म्हटले की प्रथम डेल्टा आठवतो, म्हणजे मिसिसिपी नदीलगतची सपाट कापूसपट्टी. तिच्या पूर्वेला होली स्प्रिंग्ज, कोमो, सेनाटोबिया या परिसरात मात्र वेगळी परंपरा नांदत होती. बारा ‘बार’ची ठरीव चौकट आणि ठरल्या जागी होणारा कॉर्डबदल तिला फारसा मानवत नाही. एकाच कॉर्डभोवती गिटार घुमत राहते, छोटासा सुरावट-तुकडा पुनःपुन्हा येतो आणि नाचणाऱ्यांचे पाय थांबेपर्यंत गाणे लांबते. बांबूचा पावा व ढोल वाजवण्याची त्या भागातील जुनी प्रथा या लयीच्या मुळाशी आहे.

१९५९ साली लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी कोमो येथे शेतकाम करणाऱ्या फ्रेड मॅकडॉवेल यांचे गाणे मुद्रित केले. १९६७ मध्ये जॉर्ज मिचेल यांनी आर. एल. बर्नसाइड यांना मुद्रित केले. ही कामे मोलाची होती, पण त्यांमागील दृष्टी संग्राहकाची होती. लुप्त होऊ घातलेले काही जतन करावे, ही तिची प्रेरणा.

१९९० च्या दशकाच्या आरंभी ऑक्सफर्ड या विद्यापीठाच्या गावी फॅट पॉसम ही छोटी, स्वतंत्र कंपनी निघाली आणि ही दृष्टी पालटली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे माजी संगीतसमीक्षक रॉबर्ट पामर यांनी तिच्यासाठी ज्युनिअर किंब्रो यांची ‘ऑल नाइट लाँग’ (१९९२) आणि बर्नसाइड यांची ‘टू बॅड जिम’ (१९९४) सिद्ध केली. मुद्रणस्थळ स्टुडिओ नव्हे, तर किंब्रो यांचा स्वतःचा गाण्या-नाचण्याचा अड्डा. पहिली पूर्ण ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा किंब्रो साठीच्या घरात पोहोचले होते. साथीला त्यांचा मुलगा ड्रम्सवर आणि बर्नसाइड यांचा मुलगा बास गिटारवर होता. परंपरा येथे अवशेषरूपाने नव्हे, चालत्या घरासारखी ऐकू येते.

खरा वाद पुढे पेटला. १९९६ मध्ये बर्नसाइड यांनी जॉन स्पेन्सर यांच्या न्यूयॉर्कमधील रॉक चमूबरोबर एक ध्वनिमुद्रिका केली आणि १९९८ च्या ‘कम ऑन इन’मध्ये त्यांच्या गाण्याला इलेक्ट्रॉनिक ठेके जोडले गेले. शुद्धतावाद्यांना हा भ्रष्टाचार वाटला. आमच्या मते या आक्षेपात एक अन्याय दडलेला आहे: शहरी कलावंताने बदलावे तो प्रयोग आणि खेड्यातल्या वृद्धाने बदलावे ती विटंबना! मात्र दुसरी बाजूही विसरता येत नाही. दारू, हाणामारी, रांगडेपणा यांची प्रतिमा पुढे करून हे कलावंत गोऱ्या तरुण श्रोत्यांना विकले गेले, ही टीका निराधार नव्हती. संग्राहकाने कलावंताला नमुना केले, बाजाराने त्याला वल्ली केले. स्वतःविषयी बोलण्याची संधी दोन्हीकडे तोकडीच राहिली.

किंब्रो १९९८ मध्ये आणि बर्नसाइड २००५ मध्ये निवर्तले. तो अड्डाही २००० साली जळाला. तरी परंपरा थांबली नाही. बर्नसाइड यांचे नातू सेड्रिक किशोरवयापासून आजोबांच्या मागे ड्रम्स वाजवीत हिंडले, नंतर गिटारकडे वळले. अलाबामातील सिंगल लॉक या स्वतंत्र कंपनीने काढलेल्या त्यांच्या ‘आय बी ट्राइंग’ (२०२१) या ध्वनिमुद्रिकेला २०२२ मध्ये पारंपरिक ब्लूजसाठीचे ग्रॅमी मिळाले. तिच्यात रांगडेपणाचे प्रदर्शन नाही. स्वतःला सुधारू पाहणाऱ्या प्रौढ माणसाचे संयत आत्मपरीक्षण आहे. २०२१ मध्येच ओहायोच्या ‘द ब्लॅक कीज’ या रॉक जोडीने ‘डेल्टा क्रीम’मध्ये किंब्रो-बर्नसाइड यांची गाणी पुन्हा गायिली. बर्नसाइड यांचे जुने साथीदार केनी ब्राउन त्यांच्यासोबत होते, पण ती ध्वनिमुद्रिका वॉर्नर समूहातील नोनसच या कंपनीची. छोट्या कंपनीने पत्करलेल्या जोखमीचे पीक अखेर मोठ्या घरी पोहोचते, ते असे.

जात्यावरच्या ओवीची ‘मूळ संहिता’ शोधताना आपले विद्यार्थी ज्या पेचात पडतात, तोच पेच येथेही आहे. म्हणून आमची सूचना अशी: ‘ऑल नाइट लाँग’, ‘कम ऑन इन’ आणि ‘आय बी ट्राइंग’ या तिन्ही ध्वनिमुद्रिका याच क्रमाने ऐकाव्यात. यांतील अस्सल कोणती, हे ठरवण्याची घाई करू नये. प्रत्येकीत बोलतो आहे कोण आणि त्याच्या बोलण्यावर मालकी कोणाची, एवढे मात्र जरूर विचारावे.